मुलाचा कान दुखतो तेव्हा, आणि दुखायचा थांबतो तेव्हाही

‘लहानपणी सगळ्यांचेच कान वाहतात, मोठं झालं की आपोआप बंद होतात.’ हे वाक्य मी नोकरीची सगळी वर्षं ऐकलं. आजीकडून ऐकलं, शेजारणीकडून ऐकलं, चांगल्या शिकल्यासवरल्या बापाकडूनही ऐकलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा ओपीडीत मी सिस्टर होते. आता निवृत्त आहे, पण गल्लीतल्या आया अजून रात्री-अपरात्री फोन करतात. त्यांना फोनवर घाईघाईत जे सांगते, तेच इथे निवांत लिहिते आहे.

सगळ्यात आधी जे मनात आहे ते सांगते. दुखणारा कान घरादाराला जागं ठेवतो, म्हणून तो सकाळी दवाखान्यात पोचतो. वाहणारा कान दुखत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने घरीच राहतो. ओपीडीत मी जी मुलं कमी ऐकू येतं म्हणून आलेली पाहिली, त्यांतली कितीतरी या दुसऱ्या रांगेतली होती. तेव्हा रात्रीच्या ठणक्याचं काय करायचं ते सांगतेच, पण ठणका थांबल्यावर काय करायचं तेही शेवटपर्यंत वाचा.

सर्दी झाली की कान का दुखतो

नाकाच्या मागच्या बाजूने मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती तिरकी असते, लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. मोरीला उतार नसला की पाणी तुंबतं, तसा सर्दीतला चिकट स्राव तिथे अडकतो. मग जंतू वाढतात, पू होतो, आतून पडद्यावर दाब येतो आणि कान ठणकायला लागतो. म्हणून हे दुखणं बहुतेक वेळा सर्दी सुरू झाल्यावर काही दिवसांनी येतं, आणि सहा महिने ते दोन वर्षं या वयात सगळ्यात जास्त दिसतं. आडवं झालं की दुखणं वाढतं. दिवसभर अंगणात खेळलेलं मूल रात्री अकराला किंचाळत उठतं, ते यामुळे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण तिच्यावरून घराघरांत सुनेला बोल लावले जातात. ‘अंघोळ घालताना कानात पाणी घातलंस, म्हणून झालं.’ पडदा शाबूत असेल तर अंघोळीचं पाणी मधल्या कानात जाऊच शकत नाही. हा संसर्ग आतून, नाका-घशाकडून येतो. आईच्या हातून काही चुकलेलं नसतं.

पाण्याने होतो तो वेगळा आजार, बाहेरच्या नळीचा. मे महिन्यात विहिरीत डुंबणारी मोठी मुलं, कानात काडी घालायची सवय असलेली मुलं, पावसाळ्यात बुरशी झालेले कान, हे सगळे त्यातले. ओळखायची एक साधी रीत आहे. कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला जो छोटा कडक उंचवटा असतो तो बोटाने हलकेच दाबा, मग कान हलकेच वर ओढा. तेवढ्यानेच मूल कळवळलं तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत आहे. त्यालाही डॉक्टर लागतो, कारण आतली घाण साफ करून योग्य ड्रॉप घालावे लागतात. पण ताप नसेल तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नसते.

बोलता न येणारं बाळ कसं ओळखायचं

तीन वर्षांचं मूल ‘आई, कानात टोचतंय’ म्हणतं. आठ महिन्यांचं बाळ काय म्हणणार? ते कान ओढतं, असं सगळे सांगतात. कान ओढणं ही फार कच्ची खूण आहे. बाळं झोप आली तरी कान ओढतात, दात येताना ओढतात, नुसता चाळा म्हणूनही ओढतात. मी आयांना विचारायची ते प्रश्न वेगळे असत. सर्दी होऊन किती दिवस झाले? नाक मोकळं होत आलं असताना अचानक नव्याने ताप आला का? अंगावर पाजताना भुकेने तोंड लावतं, दोन घोट घेतं आणि रडून सोडून देतं का? (चोखताना-गिळताना आतला दाब बदलतो आणि कळ येते.) खांद्यावर उभं धरलं की गप्प आणि पाळण्यात टाकलं की किंचाळणं, असं होतं का? या प्रश्नांना ‘हो, हो’ आलं की कान तपासायलाच हवा, बाळाने कानाला हातही लावला नसला तरी.

उलट ताप नाही, सर्दी नाही, दूध नीट पितंय, हसतंय आणि फक्त कान ओढतंय, तर एक-दोन दिवस नजर ठेवली तरी चालतं.

किती घाई करायची

हे वयावर ठरतं, आणि ताप किती यापेक्षा मूल दिसतं कसं यावर जास्त ठरतं.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर असेल, तर कानाचा विचारच करू नका. रात्र असो, पाऊस असो, उठून दवाखाना गाठा. एवढ्या लहान बाळात ताप ही कुठल्याही मोठ्या जंतुसंसर्गाची पहिली खूण असू शकते, आणि घरी तापाचं औषध पाजून बघायचं हे वय नाही. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा कान दुखतोय असा संशय आला तर त्याच दिवशी दाखवा. सहा महिने ते दोन वर्षं, दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवा. या वयात दोन्ही कान दुखत असले किंवा ताप 102 च्या वर चढत असला तर डॉक्टर बहुतेक अँटिबायोटिक सुरू करतात.

दोन वर्षांवरचं मूल, एकच कान दुखतोय, ताप 102 च्या आत, औषध दिलं की खेळतंय, पाणी पितंय, लघवी नेहमीसारखी होतेय, अशा वेळी दुखण्याचं औषध देऊन दोन दिवस वाट बघता येते. पुष्कळ मुलांचा कान अँटिबायोटिकशिवाय दोन-तीन दिवसांत बरा होतो. डॉक्टरांनी ‘आत्ता नको, दोन दिवस बघू’ असं म्हटलं तर त्यांनी टाळलं असं समजू नका. अभ्यासू बालरोगतज्ज्ञ आज असंच वागतात. मात्र 48 तासांनी दुखणं तसंच असेल, किंवा मधेच वाढलं, तर वाट बघणं संपलं. अँटिबायोटिक सुरू असूनही दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर त्याच डॉक्टरांकडे परत जा.

तोंडातली टाळू जन्मतः फाटलेली मुलं, डाऊन सिंड्रोम असलेली मुलं, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र) बसवलेली मुलं, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कुठल्याशा आजाराने कमी आहे अशी मुलं, यांच्या बाबतीत ही दोन दिवसांची सवलत नाही.

आणि आता ज्या खुणा दिसल्यावर एक तासही थांबायचं नाही, त्या सांगते.

मुलाच्या पाठीमागे उभं राहा आणि दोन्ही कान एकदम बघा. समोरून हे कळत नाही. एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे ढकलल्यासारखा, खाली झुकल्यासारखा दिसतोय का? कानामागच्या हाडावर लाली, सूज, हात लावला की कळ आहे का? असेल तर पू हाडात उतरला असावा. मोबाइलने पाठीमागून फोटो काढून ठेवला तर तासाभराने सूज वाढली का तेही कळतं. गालफुगीची सूज वेगळी: ती कानाच्या पुढे आणि पाळीच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर येते आणि पाळी वर उचलली जाते. हाडावरची सूज कानाच्या मागे असते.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांमधली मुलं यायची. उघड्यावरची कोपी, पहाटेची थंडी, चुलीचा धूर, सारखं वाहणारं नाक. त्यांतल्या एका मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. कानामागे लिंबाएवढी सूज, कान पार पुढे आलेला. आई म्हणाली, आधी कान फार दुखत होता, मग पू आला आणि दुखायचं थांबलं, म्हणून आम्ही फडावर गेलो. त्या मुलाला सलाईन लावून त्याच दिवशी ऑपरेशनला पाठवावं लागलं. ते बरं झालं. पण ‘दुखायचं थांबलं म्हणून’ हे तिचे शब्द मी नंतर कित्येक आयांना सांगितले.

मान वाकवता न येणं, सारख्या उलट्या, गुंगी, हाक मारूनही नीट जागं न होणं, झटका, सहन न होणारी डोकेदुखी, चालताना तोल जाणं, रडताना किंवा हसताना तोंड एका बाजूला वाकडं होणं, यांतलं काहीही दिसलं तर संसर्ग कानाच्या बाहेर पसरला असावा असं धरून चाला आणि 108 ला फोन करा. कानात किंवा नाकात घड्याळाचा, खेळण्याचा बटणासारखा सेल गेला असेल तर तीही तितकीच घाई. तो सेल काही तासांत आतली कातडी जाळतो. त्यात तेल, पाणी काहीच घालू नका.

रात्र कशी काढायची

कानाच्या दुखण्यात सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पॅरासिटामॉल, आणि तेच सगळ्यात चुकीचं दिलं जातं. कधी इतकं कमी की मूल रात्रभर रडतं, कधी दुप्पट.

मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. एका वेळी दर किलोला 15 मिलिग्रॅम. दोन डोसांत निदान चार ते सहा तास अंतर, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आता खरी गोम बाटलीत आहे. बाजारात एकाच औषधाच्या तीन ताकदी मिळतात. ड्रॉपमध्ये बहुतेक एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात. साध्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 किंवा 125. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 250. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम लागतात. म्हणजे ड्रॉपचे दीड मिलिलिटर, साध्या सिरपचे सहा, जास्त ताकदीच्या सिरपचे तीन. सिरपच्या मापाने ड्रॉप पाजले तर चौपट औषध पोटात जाईल. म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नका, आणि घरातला चहाचा चमचा वापरू नका. बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुईशिवायची सिरिंज वापरा. डोस दिला की वेळ मोबाइलमध्ये लिहा. रात्री तीन वाजता ‘मी दिलं का तुम्ही दिलं?’ हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो.

आयब्युप्रोफेन सहा महिन्यांच्या आत देऊ नये. मोठ्या मुलांनाही पावसाळ्यात, डेंग्यूची साथ असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. सर्दीची एकत्र सिरपं कानाला काही उपयोगाची नाहीत, शिवाय त्यांतल्या कित्येकांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, म्हणजे नकळत डबल डोस. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापायला डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनीच सांगितलं आहे.

बाकी, बाळाला उभं धरा. वर्षाच्या पुढच्या मुलाला पाठीशी घेऊन अर्धवट बसतं झोपवा. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मात्र उशी नको, त्याला मांडीवरच घ्या. नाक चोंदलं असेल तर पाजण्याआधी सलाईनचे नाकातले थेंब घाला, तेवढ्याने दूध पिणं सोपं होतं. कोरडा, कोमट सुती फडका कानावर धरला तर बरं वाटतं. आधी तो स्वतःच्या मनगटावर लावून बघा. तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी मात्र लावू नका. तिने भाजलेले कोवळे गाल मी पाहिले आहेत.

कानात काय घालायचं

काहीही नाही. लसूण घालून कढवलेलं तेल नाही, खोबरेल नाही, तुळशीचा रस नाही, माक्याचा रस नाही, अंगावरचं दूध नाही. ज्या आज्या हे करतात त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण पू पडद्याच्या आत असतो आणि तेल पडद्याच्या बाहेर राहतं. तिथे ते पोचतच नाही. पडद्याला भोक पडलं असेल तर मात्र ते पोचतं, आणि सोबत जंतू आणि बुरशीही नेतं. शिवाय तेलाने भरलेल्या कानात डॉक्टरांना पडदा दिसत नाही. कित्येकदा आम्हाला आधी तेल पुसत बसावं लागे आणि मूल त्या वेळात आणखी घाबरत असे. मालिश करायला येणाऱ्या बाईंनाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: टाळूवर घाला, अंगाला लावा, कानात नको.

मेडिकलमधून मागून आणलेले ड्रॉप हे तेलापेक्षाही वाईट. काही ड्रॉपमध्ये जेंटामायसिनसारखी औषधं असतात. पडद्याला भोक असताना ती आतल्या कानातल्या ऐकण्याच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. स्टेरॉइड मिसळलेल्या ड्रॉपने बुरशी फोफावते. कान दुर्बिणीने पाहिल्याशिवाय कुठला ड्रॉप चालेल हे दुकानदाराला कळणं शक्य नाही. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटलीही नको. पाणी घालून तयार केलेलं ते सिरप काही दिवसांतच खराब होतं, मुदत बाटलीवर लिहिलेली असते. आणि एक डोस थोरल्याचा, एक धाकट्याचा असं वाटून दिलेलं औषध दोघांनाही पुरत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर

कधीपासून दुखतंय, ताप किती होता, शेवटचा डोस किती वाजता दिला, याआधी असं कधी झालं होतं, एवढं एका कागदावर लिहून न्या. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान दुखला असेल तर ते आवर्जून सांगा. मग बालरोगतज्ज्ञ कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतील.

तपासताना मूल हललं तर टोकदार यंत्र कानाला लागतं, म्हणून धरण्याची रीत आधी समजून घ्या. मुलाला मांडीवर आडवं, बाजूला तोंड करून बसवा. त्याचे पाय तुमच्या दोन मांड्यांमध्ये. एका हाताने त्याचे दोन्ही हात मिठीत घ्या, दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या कपाळावर ठेवून डोकं तुमच्या छातीशी घट्ट टेकवा. असं धरलं की तपासणी काही सेकंदांत होते. दोन-तीन माणसांनी टेबलावर दाबून धरलेलं मूल पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच रडायला लागतं.

तज्ज्ञ पडदा बघतात. लाल आणि बाहेर फुगलेला पडदा म्हणजे आत पू. नुसता रडून लाल झालेला पडदा म्हणजे काही नाही. अँटिबायोटिक दिलं तर सांगितले तेवढे दिवस पूर्ण द्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ते बहुधा दहा दिवस असतं. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि बाटली फ्रिजमध्ये मागे सरकते, तसं होऊ देऊ नका.

कान वाहायला लागला तर

कधी रात्रभर रडलेलं मूल पहाटे शांत झोपतं, आणि सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो, कधी त्यात रक्ताचा अंशही. पडद्याला छोटं भोक पडून पू बाहेर आला, दाब गेला, म्हणून दुखणं थांबलं. बघून घाबरू नका. असे पडदे बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. पण डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, आणि कान कोरडा करायला शिका. सरकारी दवाखान्यात आम्ही प्रत्येक आईला ही वात करून दाखवायचो.

जुना, धुऊन मऊ झालेला सुती कपडा घ्या, धोतराचा किंवा मलमलीचा. साबणाने धुऊन उन्हात वाळवा. त्याची बोटभर लांब पट्टी कापा. एक टोक चिमटीत धरून पीळ द्या, समईची वात वळतो तसा, पण टोक मऊ राहू द्या. मुलाला मांडीवर घ्या, कान किंचित मागे ओढा म्हणजे नळी सरळ होते. वातीचं टोक हलकेच आत ठेवा, ढकलू नका. ओली झाली की काढा, टाकून द्या, नवी ठेवा. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करायचं. दिवसातून तीनदा. नंतर डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप घाला, कारण पुवाने भरलेल्या कानात औषध नुसतं वर तरंगतं. शेवटी हात धुवा. इअरबड, काडेपेटीची काडी, हेअरपिन यांतलं काही वापरायचं नाही. ती पू आत ढकलतात आणि पडदा फाडतात. कापसाचा बोळा कानात कोंबूनही ठेवायचा नाही. फक्त डोक्यावरून अंघोळ घालताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी लावा आणि लगेच काढा. कान बरा होईपर्यंत पोहणं बंद.

सांगितलेले उपाय करूनही दोन आठवड्यांनंतर कान वाहत राहिला तर त्याला जुनाट कान म्हणतात, आणि तो कान-नाक-घसा तज्ज्ञांनीच बघायला हवा. स्राव थोडाच पण घाण वास मारणारा असेल तर मुळीच थांबू नका. काही कानांत पडद्यामागे कातडीची गाठ वाढते आणि ती हळूहळू हाड कुरतडत जाते. ती दुखत नाही. एकाच कानातून घाण वास येणारा पू असेल तर आत हरभरा, मणी, पेन्सिलचं रबर अडकलेलंही निघतं.

सगळं शांत झाल्यावर

दुखणं गेलं, पू थांबला, तरी पडद्याच्या आत थोडं चिकट पाणी काही आठवडे राहतं. बहुतेक मुलांत ते तीन महिन्यांत आटतं. काहींत आटत नाही. त्या मुलांना दुखत नाही, ताप नसतो, फक्त सगळे आवाज दबून ऐकू येतात. घरी काय दिसतं? टीव्ही मोठा करतं. पाठमोरं असताना हाक मारली की ओ देत नाही, आणि घरचे म्हणतात आगाऊ झालंय. वर्गात बाई मागच्या बाकावरच्याला प्रश्न विचारतात आणि ते बावरतं. दोन वर्षांचं असेल तर नवे शब्द यायचे थांबतात. अशा मुलाला मार बसतो, लक्ष देत नाही म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं.

घरी एवढं करून बघा. मूल खेळण्यात रमलेलं असताना, त्याला तुमचा चेहरा दिसणार नाही असं मागे उभं राहून, हळू आवाजात त्याच्या आवडीचं काहीतरी म्हणा, ‘बिस्किट देऊ?’ एवढंच. दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या दिवशी. वळलं नाही तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही. पाणी फार दिवस राहिलं तर तज्ज्ञ पडद्यात बारीकशी नळी बसवायचा सल्ला देतात, आणि ऐकू येऊ लागल्यावर मुलं इतक्या भराभर बोलतात की आया रडतात.

पैशांसाठी अडू नका. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. कान वाहणं आणि कमी ऐकू येणं ही दोन्ही त्यांच्या यादीत आहेत, आणि पुढच्या उपचारांसाठी ते फुकट पाठवतात. पथक येण्याची वाट बघायची गरज नाही. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना नाव नोंदवायला सांगा, नाहीतर केसपेपर काढून थेट जिल्हा रुग्णालयात जा. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची वाणी-श्रवण संस्था 1983 पासून आहे.

धाकटं घरात असेल तर त्याच्यासाठीही थोडं. न्यूमोकोकलची लस (न्यूमोनिया आणि कानाचा संसर्ग करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) 2021 पासून देशभरातल्या सरकारी लसीकरणात फुकट आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. ती चुकवू नका. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध. बाटली लागतच असेल तर आडवं झोपवून तोंडात देऊ नका. बिडी-सिगारेट, मशेरी भाजण्याचा धूर, बाळंतिणीच्या खोलीतली धुरी, या सगळ्यापासून बाळ लांब ठेवा. धुराने तीच नळी सुजते.

आणि ज्याचा कान या वेळी दुखला, त्याला तीन महिन्यांनी परत दाखवून पाणी आटलं का ते बघून घ्या. तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण त्या दिवशी मूल मजेत खेळत असेल आणि तुमच्या लक्षात राहणार नाही.